आधी ही गोळी सोड, मग ती घे?

“डॉक्टर, मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझा धाकटा भाऊ 29 वर्षांचा. चार वर्षं खोकल्याचं पातळ औषध पीत होता, नंतर दुखण्याच्या कॅप्सूल. पाच महिन्यांपासून जिभेखालची गोळी चालू आहे आणि नशा बंद आहे. पण बाकी काहीच रुळावर येत नाही. मोबाइलचं दुकान, मोंढ्यातलं आडतीवरचं काम, कुरिअर, तीन ठिकाणची कामं सुटली. चावी हरवतो, पैसे हरवतो, एकदा गोळ्यांची पट्टीच हरवली. त्याचे डॉक्टर म्हणाले की याला लहानपणापासून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि स्वस्थ न बसवण्याचा त्रास, असावा. माझ्या वर्गात तसा एक मुलगा आहे, त्याच्यासाठी मी प्रशिक्षण घेतलं होतं, आणि ते ऐकताना मला सारखा भाऊच आठवत होता. पण दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की नशा केलेल्या माणसाला ती औषधं देत नाहीत, आधी वर्षभर काहीही न घेता राहून दाखवा. आमचे अण्णा म्हणतात, ‘एक गोळी सुटंना, आता दुसरी काहून? आधी जिभेखालची बंद करा.’ मी कोणाचं ऐकू?”

ताई,

आधी उत्तर सांगते, कारण पत्रावरून वाटतं की तुमच्या घरात हा निर्णय आज-उद्या होणार आहे. जिभेखालची गोळी बंद करू नका. आणि एडीएचडीची तपासणी वर्षभर पुढे ढकलू नका. दोन्ही उपचार एकाच वेळी चालू शकतात आणि तसेच चालवायला हवेत. अण्णांची काळजी खोटी नाही, त्या दुसऱ्या डॉक्टरांचीही नाही. पण त्या काळजीतून त्यांनी काढलेला मार्ग तुमच्या भावाला धोक्यात घालणारा आहे.

खोकल्याच्या औषधातलं कोडीन आणि त्या कॅप्सूलमधलं ट्रामाडॉल (बहुतेक तेच असणार) ही अफूच्याच घराण्यातली औषधं. जिभेखालची गोळी, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, मेंदूत त्यांच्याच जागेवर जाऊन बसते. फरक असा की ती अर्धवट काम करते. तलफ आणि अंग मोडून येणं थांबवते, पण एका मर्यादेपुढे तिची नशा वाढत नाही, आणि तिचा असर दिवसभर टिकतो. त्यामुळे माणूस सकाळी उठून ‘आज माल कुठून आणू’ या विचारातून सुटतो. ती बंद केली की काही आठवड्यांत शरीराची जुनी सवय उतरते. मग एखाद्या दिवशी घरात भांडण झालं, तलफ आली आणि त्यानं जुन्याच मापानं घेतलं, तर श्वास मंद होत होत थांबू शकतो. हा उपचार चालू असलेल्या लोकांत मृत्यूचं प्रमाण, उपचार सोडलेल्यांच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून मी अण्णांना हात जोडून सांगते, पाच महिन्यांची कमाई घाईनं मोडू नका. ही गोळी कधीतरी कमी करता येईल. पण ती कामधंद्याची घडी बसल्यावर, डॉक्टरांसोबत ठरवून, हळूहळू.

अण्णा शेतकरी असतील तर त्यांना असं सांगून बघा. बांध दोन ठिकाणी फुटलाय. एक जागा पक्की बुजवल्याशिवाय दुसरीकडे बघायचंच नाही म्हटलं, तर पाणी त्या दुसऱ्या जागेतून जाणार, आणि जाता जाता बुजवलेली जागाही खचवणार.

हे दोन आजार एकमेकांत कसे अडकतात ते मी आमच्या ओपीडीच्या बाकड्यावर पाहिलंय. जिभेखालची गोळी पूर्ण विरघळायला पाच ते दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ तोंड मिटून बसायचं, बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही. सांगायला किती सोपं! एक तरुण होता. गोळी ठेवली की दुसऱ्या मिनिटाला उठून पंख्याचं बटण बघायचा, मग दारापर्यंत जाऊन पार्किंगमधली गाडी बघायचा, मग शेजारच्याला “पाणी कुठंय?” असं विचारायचा. विचारताना गोळी लाळेबरोबर पोटात. आणि पोटात गेलेली ही गोळी यकृतातच मोडून जाते, रक्तात फारशी पोचतच नाही. संध्याकाळी त्याला जांभया, नाक गळणं, अंगावर काटा. घरचे म्हणायचे गोळी लागू पडत नाही. आमच्यातलेच काही म्हणायचे की हा गोळी लपवून विकत असणार. तो विकत नव्हता. त्याला आठ मिनिटं बसता येत नव्हतं.

त्याची तपासणी आम्ही फार उशिरा केली. आणि ताई, हेही तुम्हाला सांगायला हवं की पूर्वी मीसुद्धा तुमच्या त्या दुसऱ्या डॉक्टरांसारखंच बोलायची. “आधी वर्षभर नीट राहा, मग बघू.” ज्याला पुढचा मंगळवार लक्षात राहत नाही, त्याला मी वर्षभराची अट घालत होते. अशी माणसं तारखा चुकवतात, तारीख चुकली की गोळी संपते, गोळी संपली की अंग दुखायला लागतं आणि पातळ औषधवाला तर गल्लीच्या टोकालाच असतो. त्या अटीमुळे काही जण आमच्या हातून सुटले. त्याची बोचणी मला अजून आहे.

आता तुमच्या भावाला खरंच एडीएचडी आहे का? पत्रावरून मी ते ठरवू शकत नाही, पण शंका रास्त आहे. साधारण शंभर प्रौढांत दोन-तीन जणांना हा त्रास असतो. व्यसनाच्या उपचाराला आलेल्यांत मात्र अंदाजे चार-पाचांत एकाला. तरी निदान घाईनं करू नये, कारण त्याच्यासारखी दिसणारी कारणं बरीच आहेत. नशा उतरत असतानाची तगमग, झोप न होणं, उदासी, थायरॉइड, डोक्याला लागलेला मार, गांजा, दारू. आणि आपल्याकडे ‘बटन’ म्हणून ज्या झोपेच्या गोळ्या खपतात त्या. भावाला एकट्याला, न रागावता विचारा की तो बटन घेतो का. घेत असेल तर डॉक्टरांना आजच कळायला हवं. जिभेखालची गोळी एकटी असताना बरीच सुरक्षित असते, पण बटन किंवा दारूच्या जोडीला श्वास दाबू शकते. बटन एकदम बंद केलं तर फिटही येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवायचं.

तुमच्या भावाचा डोस पाच महिने स्थिर आहे, म्हणजे तपासायला ही वेळ चांगली आहे. डॉक्टर सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाचणी घेतील. काम बहुतेक उरकल्यावर शेवटचं बारीकसारीक राहून जातं का, ठरलेल्या भेटी विसरतात का, आतून मोटार चालू असल्यासारखं वाटतं का, असे प्रश्न. पण त्यावर निदान होत नाही. खरा आधार असतो लहानपणचा. एडीएचडी तिशीत अचानक उगवत नाही. वयाच्या बाराव्या वर्षाआधी त्याच्या खुणा दिसलेल्या असाव्या लागतात, आणि त्या फक्त घरात किंवा फक्त शाळेत नव्हे, किमान दोन ठिकाणी.

इथे तुमच्याइतकी मदत कोणीच करू शकत नाही. आईच्या पत्र्याच्या पेटीत भावाची पहिली ते सातवीची प्रगतीपुस्तकं आहेत का बघा. तुम्ही स्वतः शेरे लिहिता, त्यामुळे ते कसे वाचायचे ते तुम्हाला शिकवायला नको. ‘हुशार आहे पण चंचल’, ‘गृहपाठ अपूर्ण’, ‘जागेवर बसत नाही’. एखाद्या वर्षी आला तर समजा मास्तर कडक होते. वर्षामागून वर्ष, मास्तर बदलले तरी तोच शेरा, तर तो पुरावा आहे. आईला नुसतं “हूड होता का?” असं विचारू नका, आपल्याकडे प्रत्येक पोरगा हूडच असतो. विचारा की दुकानात पाठवलं तर काय आणायचं ते विसरून यायचा का, दप्तर-चपला किती वेळा हरवल्या, जेवताना ताटावरून किती वेळा उठायचा. आणि तारीख-वारासकट नाही आठवलं तरी चालेल, पण प्रसंग लिहून न्या. डॉक्टरांना पाच प्रसंगांतून जे कळतं ते “लहानपणापासून असाच आहे” यातून कळत नाही.

निदान पक्कं झालं तर औषधाचा प्रश्न. अण्णांची भीती इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एडीएचडीची सगळी औषधं नशेची नसतात. ॲटोमॉक्सेटिन नावाचं औषध उत्तेजक नाही, त्यानं तार लागत नाही, त्याला बाजारात कोणी गिऱ्हाईक नाही. व्यसनाच्या उपचारात असलेल्या माणसाला बरेच डॉक्टर आधी हेच देतात. त्याची अडचण एकच, ते सावकाश लागू पडतं. चार ते सहा आठवडे काहीच विशेष वाटत नाही, पूर्ण परिणामाला त्याहूनही वेळ लागतो. आणि एडीएचडीच्या माणसाकडे नेमका धीरच कमी असतो. तो दहाव्या दिवशी म्हणेल, “काही उपयोग नाही, बंद करतो.” तेव्हा तुम्ही कॅलेंडरवर सहाव्या आठवड्यावर गोल करून ठेवलेला असू द्या. सुरुवातीला भूक कमी होते, मळमळतं, तोंडाला कोरड पडते, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढू शकतात. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर औषध थांबवून लगेच दाखवायचं, कारण क्वचित यकृताला त्रास होतो. उदासीची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना सांगा. त्यातल्या काहींमुळे ॲटोमॉक्सेटिन शरीरात साठतं.

बुप्रोपियॉन हा दुसरा पर्याय. उदासी सोबत असेल किंवा तंबाखू सोडायची असेल तर डॉक्टर त्याचा विचार करतात. पण त्यानं फिट येण्याची शक्यता वाढते, आणि ट्रामाडॉलनंही तीच वाढते. तुमच्या भावाचा इतिहास कॅप्सूलचा आहे. एखाद्या दिवशी पाय घसरला तर ही दोन्ही एकत्र येतील. हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

तिसरं मिथाइलफेनिडेट. हे उत्तेजक आहे, अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या नियंत्रणाखाली येतं, आणि त्याचा गैरवापर होऊ शकतो. त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच असणार. पण एडीएचडीवर ते सगळ्यात प्रभावी औषधांपैकी एक आहे, म्हणून ‘कधीच नाही’ हे उत्तर मला पटत नाही. नशा चढते ती औषध मेंदूत झपकन पोचलं तर. दिवसभर थोडं थोडं सुटणारी, लांब पल्ल्याची गोळी ठरलेल्या डोसमध्ये तोंडानं घेतली तर तसा झटका बसत नाही. ॲटोमॉक्सेटिननं भागलं नाही, भाऊ स्थिर असला, लघवीची तपासणी होत असली आणि गोळ्या घरच्या माणसाच्या हाती असल्या, तर डॉक्टर याचा विचार करू शकतात. आधी नाडी, रक्तदाब आणि हृदयाचा इतिहास बघतील. अमुक गोळी मागायची असं ठरवून जाऊ नका, प्रश्न घेऊन जा.

यातलं किती सिद्ध झालंय? 2006 साली अमेरिकेत मेथाडोनच्या (अफूच्या व्यसनावरचं, जिभेखालच्या गोळीसारखंच दुसरं औषध) उपचारावर असलेल्या 98 एडीएचडी रुग्णांना मिथाइलफेनिडेट, बुप्रोपियॉन किंवा नुसती साखरेची गोळी देऊन पाहिलं. तिन्ही गटांत सुधारणा झाली आणि औषधांची साखरेच्या गोळीवर सरशी दिसली नाही. हे मी लपवणार नाही. पण मिथाइलफेनिडेटमुळे नशा वाढली, असंही दिसलं नाही. पुढे 2014 साली स्वीडनमध्ये तुरुंगातून सुटणाऱ्या, अँफेटामिन या उत्तेजकाचं व्यसन असलेल्या माणसांना हेच औषध बऱ्याच मोठ्या डोसमध्ये दिलं, तेव्हा लक्षणंही कमी झाली आणि नशाही. ते व्यसन वेगळं, डोस आपल्याकडच्या नेहमीच्या डोसाहून कितीतरी मोठे, म्हणून ते जसंच्या तसं तुमच्या भावाला लावता येत नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात ब्युप्रेनॉर्फिनसोबत उत्तेजक औषध चालू असलेले लोक उपचारात जास्त टिकलेले दिसले, पण उत्तेजक औषध चालू असलेल्या दिवसांत औषधांच्या विषबाधेच्या घटना थोड्या जास्त होत्या. ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्या दिवसांत मात्र तो धोका बराच कमी होता. म्हणून माझं मत असं बनलंय की जिभेखालची गोळी पाया आहे, ती हलवायची नाही, आणि दुसरं औषध त्यावर जपून ठेवायचं. 2018 मध्ये या विषयातल्या अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून जी भूमिका मांडली, तीही दोन्ही आजारांवर एकत्रच उपचार करावेत अशीच आहे.

गोळी कोणतीही सुरू होवो, घरातली व्यवस्था तुम्हालाच बसवावी लागेल. पट्टी हरवली म्हणून त्याच्यावर रागावू नका, पट्टी त्याच्या खिशात ठेवायचीच नाही. कुलपाच्या डब्यात, आईकडे. आठवड्यापुरतीच औषधं आणायची. जिभेखालच्या गोळीची वेळ आणि जागा एकच ठेवा. चहाच्या आधी, भिंतीकडे तोंड करून खुर्ची, मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर, आधी दोन घोट पाणी पिऊन तोंड ओलं. विरघळून गेल्यावर पाण्याची चूळ भरायची, पण दात लगेच घासायचे नाहीत, तासभर थांबायचं. मग चहा. आमच्या त्या तरुणाच्या हातात त्याच्या बहिणीनं रबरी चेंडू दिला होता, दाबत बसायला. तो बसू लागला.

पगाराच्या दिवशी सगळे पैसे हातात राहू देऊ नका, पण हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीनं. लहान मुलासारखं वागवलं तर तो निघून जाईल. डॉक्टरांच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही फोन करा, आणि दवाखान्यालाही सांगून ठेवा की हा आला नाही तर आधी फोन लावा, नाव लगेच काटू नका. कामाचं म्हणाल तर आडतीवरचा बसून लिहायचा हिशोब त्याच्यासाठी सगळ्यात अवघड होता. फिरतीचं, हातानं करायचं, संध्याकाळी संपणारं काम बघा.

अण्णांसाठी एक छोटी वही करा. व्यसन म्हणजे काय, तर मात्रा चढत जाते, खोटं वाढतं, घर आणि काम मागे पडतं. वहीत रोज इतकंच लिहायचं: गोळी किती, घरी कधी आला, कामावर खाडा झाला का. तीन महिन्यांनी अण्णांनी स्वतः वाचावी. मात्रा चढतेय का, ते त्यांना तिथे दिसेल.

परभणीला सोय झाली नाही तर नांदेडचं विष्णुपुरीचं शासकीय मेडिकल कॉलेज, अंबाजोगाई, लातूर किंवा संभाजीनगरची घाटी, या सगळीकडे मनोविकार विभाग आहेत. व्यसनाच्या मदतीसाठी 14446 आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा 14416, दोन्ही मोफत. कोणी “कोंडून सरळ करतो” असं सांगणारं केंद्र सुचवलं तर तिकडे पाठवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं, आणि त्या कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी आहे. डॉक्टरांची चिठ्ठी भावाच्या गाडीच्या डिक्कीत कायम असू द्या, म्हणजे वाटेत कोणी अडवलं तर गोळीचा खुलासा करता येतो.

पुढच्या तारखेला त्याच्यासोबत तुम्ही जा. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा मिळाली तरी पुरे. आईलाही न्या. प्रसंग लिहिलेला कागद, चालू औषधांची नावं आणि सापडलीच तर ती प्रगतीपुस्तकं सोबत असू द्या. त्यांच्या झेरॉक्स काढून द्या, मूळ प्रती परत पेटीत ठेवा. भावानं नेल्या तर हरवतील.